आजचं चिंतन : मोजून टाकलेलं पाऊल

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७. सोबत ज्ञानेश्वरीतलं त्यावरचं विवरण.

वाचकहो, सहावा अध्याय ध्यानाचा. आसन कुठं घालावं, पाठ कशी ठेवावी, नजर कुठं लावावी, असं सगळं सांगत सांगत भगवंत मधेच अगदी घरातल्या वडीलधाऱ्यासारखे बोलायला लागतात. विषय काय, तर जेवण आणि झोप! खादाडाला हा योग साधत नाही, हे आपण समजू शकतो. पण उपाशी राहणाऱ्यालाही साधत नाही, असं ते लगेच म्हणतात. झोपाळूला नाही, तसा रात्र रात्र जागणाऱ्यालाही नाही. आणि मग सतरावा श्लोक येतो. त्यात पाच गोष्टी आहेत: खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जाग. या पाचांना एकच विशेषण लावलंय, 'युक्त'. ज्या धातूपासून 'योग' शब्द आला त्याच 'युज्' धातूपासून हाही आलाय, आणि आपला रोजचा 'युक्ती' हा शब्दही तिथलाच. युक्त म्हणजे जिथं जेवढं जुळतं तेवढं. फळ काय सांगितलंय? दुःख कमी होणं. स्वर्ग नाही, सिद्धी नाही. तेवढंच.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतली, त्यात या अध्यायातून तीन गोष्टी काढून दाखवल्यात: एकाग्रता, परिमितता आणि समदृष्टी. आज मधली घेऊ. आणि ती एका ठरावीक माणसाला समोर ठेवून घेऊ. पंचावन्न-साठ उलटलेला, मोटारसायकलवरून पडलेला, आणि सध्या घरी खाटेवर पडून छताच्या पत्र्याकडे बघणारा माणूस.

तुम्ही म्हणाल, हा कुठला विषय काढला. पण आपल्या वाशिम जिल्ह्यात कोणत्याही गावी जा, एका आळीत असा एक तरी सापडेल. जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, सहा तालुके मिळाले, पण गावातून तालुक्याला जायचं तर अजूनही एसटीची वाट बघण्यापेक्षा गाडीला किक मारणं सोपं. रिसोडचा बाजार, मंगरुळपीरचं काम, गुरुवारी कारंज्याचं गुरुमंदिर, रामनवमीला पोहरादेवी, सगळं दुचाकीवर. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेला खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी. म्हणजे आपले काका-मामा ट्रकांच्या सोबतीनं अकोला-वाशिम-हिंगोली रस्त्यावर, नाहीतर शेताच्या पांदणीत.

देशाचा आकडा एकदाच सांगतो आणि सोडून देतो. २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. हेल्मेट नसलेली ५० हजारांवर. जी वाचली आणि घरी आली, त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

आमच्या वाचनाला नियमित येणारे एक काका आहेत. नाव कशाला. वय ६६, मालेगाव तालुक्यातले, चार एकर कोरडवाहू आणि दीड एकर ओलीत. गेल्या रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. शेतीच्या लाइनीची पाळी त्या आठवड्यात रात्रीची. पहाटे चारला मोटार बंद करून घरी निघाले आणि रस्त्यात रोही आडवा आला. ज्यांनी रोही जवळून पाहिलाय त्यांना सांगायला नको, ते जनावर म्हणजे घोड्याएवढं धूड. उजव्या मांडीचं हाड मोडलं. हेल्मेट होतं (सुनेनं आणून दिलेलं, आणि त्या रात्री थंडी वाजते म्हणून घातलेलं!), म्हणून डोकं वाचलं. मागून येणाऱ्या दूधवाल्यानं १०८ ला फोन केला. अकोल्याला ऑपरेशन झालं, मांडीत रॉड घातला, दहाव्या दिवशी घरी.

खरी गोष्ट इथून पुढची आहे.

मी भेटायला गेलो तेव्हा दीड महिना झाला होता. काका खाटेवर. काकू म्हणाल्या, "सर, तुम्हीच सांगा यायले. काल रात्री उठून अंगणात गेले. आन गाडीवर जाऊन बसले."

गाडी डबल स्टँडवर होती, कुठं जाणार नव्हती. तरी काकूंचा जीव उडाला. त्यांनी चावी तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवली होती आणि काकांना तो डबाही माहीत होता.

काका भिंतीकडं बघत बोलले, "गाडी म्हणजे माहे पाय हायेत, सर. वावर तीन किलोमीटर हाय. हिच्या शुगरच्या गोळ्या मालेगावातून आणा लागते. पोरगा पुण्याले. मले कोनाच्या मागं बसाचं नाई."

ह्या एका वाक्यात किती काय आहे बघा. आपण लगेच म्हणतो, हा हट्ट आहे, अहंकार आहे, ह्या वयात कशाला गाडी. पण ज्याच्या घरी दुसरं चालवणारं कुणी नाही त्याच्यासाठी चावी म्हणजे औषध, बाजार, पाणी, नातेवाइकांची मौत-मयत, आणि चार माणसांत स्वतःहून पोचण्याची सोय. ती हिरावली गेल्याचं दुःख खरं आहे. त्याला वैराग्याचा उपदेश करणं मला तरी पटत नाही. गीता इथं 'गाडीचा मोह सोड' असं म्हणत नाही. हिंडणं-फिरणं या पाच गोष्टींच्या यादीत आहे. भगवंतांनी ते काढून टाकलेलं नाही, त्याला माप लावायला सांगितलंय.

या जागी ज्ञानेश्वर माउली काय करतात ते मूळातून जरूर वाचा, सहाव्या अध्यायात साडेतीनशेव्या ओवीच्या आसपास आहे. माउली माप घेऊनच बसतात. अन्न युक्तीच्या मापानं मोजून, बोलणं मोजकं, आणि पावलंसुद्धा मोजकी. झोपेला तिची ठरलेली वेळ. पावलं मोजायला सांगणारा संत, हे मला त्या दिवशी काकांच्या वॉकरकडे बघताना फार जाणवलं.

कारण मोडलेल्या पायाचं शास्त्र अगदी हेच आहे. मांडीचं हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने. रॉड घातला म्हणजे हाड जुळलं असं नसतं, रॉड फक्त ते जागेवर धरून ठेवतो. हाडाला जुळायला रक्तपुरवठा लागतो, आणि योग्य वेळी थोडा भारही लागतो. भार अजिबात नाही पडला तर हाड आणि स्नायू दोन्ही विरतात. भार लवकर आणि जास्त पडला तर रॉड वाकतो, तुटतो, सगळं पहिल्यापासून. म्हणून डॉक्टर सांगतात, अमुक आठवडे पाय नुसता टेकवा, मग थोडा भार, मग पूर्ण. पण 'थोडा' म्हणजे किती? इथंच आपल्याकडे घोळ होतो. फिजिओथेरपिस्ट एक साधी युक्ती शिकवतात. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, वॉकर धरून उभं राहायचं, दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर येईपर्यंत हळूहळू दाबायचा. पंधरा किलो म्हणजे पायाला कसं वाटतं, वीस किलो म्हणजे कसं, हे चार-पाच दिवसांत पायाला कळतं. मग काट्याशिवाय तेवढंच पाऊल पडतं. काकांनी किराणा दुकानातून काटा मागवला. धान्य मोजणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, ते म्हणाले, "पायलीनं मापाचं व्हय ना."

आता दुसरी बाजू. पडून राहणं.

आपल्या घरांत प्रेम दाखवायची रीत अशी की आजाऱ्याला हलूच द्यायचं नाही. पाणी खाटेवर, जेवण खाटेवर, टीव्ही खाटेसमोर. "आराम करा बाबा, आयुष्यभर राबले." यात माया आहे, पण माणूस यानं खचतो. अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी, सरासरी ६७ वर्षांच्या माणसांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो मांस उतरलं. आजार नाही, अपघात नाही, नुसतं झोपून! आपले काका तर दीड महिना पडून होते. हात लावून पाहिलं तर डावी, म्हणजे चांगली मांडीसुद्धा काठीसारखी झालेली.

शिवाय पडून राहिल्यानं पायाच्या शिरेत रक्त गोठतं. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली, तर मालिश करू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर एक मिनिटही थांबू नका. खाटेवर असतानाही पाऊल वर-खाली हलवत राहणं, गुडघा खाली दाबून मांडी आवळून धरणं आणि सोडणं, हे तासातासाला करता येतं. नाम घेत करा. हरिपाठ म्हणताना करा. माझ्या माहितीत एक आजी एका मण्याला एकदा पाऊल हलवायच्या, १०८ झाले की थांबायच्या. मला नाही वाटत पांडुरंगाला त्यात काही वावगं वाटलं असेल.

मालिशवरून आठवलं. हाडवैद्याकडे जाऊ नका असं मी सरसकट म्हणणार नाही, मुरगळलेल्या पायाला लोकांना गुण येतो. पण रॉड असलेल्या पायाला ओढणं, पट्ट्या आवळून बांधणं, हे कुणालाही करू देऊ नका.

आहाराकडे येतो, कारण इथं आपण भक्त मंडळीच जास्त चुकतो.

काकांचं एकादशीचं निरंकार, सोमवार, गुरुवार, सगळं चालू होतं. "देवानं वाचवलं, आता उपास कसा मोडू?" त्यात शेजारणींचं शास्त्र: डाळ खाल्ली की जखम पिकते, वांगं नको, आंबट नको, दही नको, भात थंड. उरलं काय? चहा आणि साबुदाणा. सोळाव्या श्लोकात उपाशी राहणाऱ्याला योग नाही असं जे स्वच्छ सांगितलंय ते अशा वेळी कुठं जातं कोण जाणे. हाड जुळायला, जखम भरायला, उतरलेलं मांस परत यायला प्रथिनं लागतात. आजारातून उठणाऱ्या वयस्क माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढेच, मूठभर शेंगदाण्यांत तेवढेच, अंडं खात असाल तर एका अंड्यात सहा. बेरीज करून बघा, साबुदाण्यावर हा आकडा कधीच गाठला जात नाही. आणि सोयाबीन! आपला जिल्हा सोयाबीनवर जगतो, पोतीच्या पोती अडत्याकडे जातात, शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे ३६ ग्रॅम प्रथिनं, आणि आपल्या ताटात त्याचा कण नाही. भाकरीच्या पिठात मूठभर दळून टाका. नीट भाजून दळा, कच्चं नको. (किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे माप वाढवू नये. शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवल्याशिवाय जखम भरत नाही, हेही लक्षात असू द्या.)

उपास देवाला परत देता येतो. वर्षभरानं द्या. काकूंनी स्वतः काकांच्या वाटची एकादशी धरली आणि त्यांना वरण-पोळी वाढली. मला हे फार आवडलं.

खर्रा आणि तंबाखू यांच्याबद्दल एकच वाक्य. निकोटिननं रक्तवाहिन्या आखडतात, हाडापर्यंत रक्त कमी पोचतं, आणि हाड जुळायला उशीर होतो. तोंडात धरून 'माउली माउली' म्हटलं तरी होतो.

झोप आणि जाग. यात दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, त्या घरच्यांनी नीट वाचाव्यात.

पहिली. वयस्क माणूस ऑपरेशननंतर दोन-चार दिवस रात्री भलतंच बोलतो, पोराला ओळखत नाही, सलाईन उपसून काढतो, मेलेल्या भावाशी बोलतो. घरचे घाबरतात, कुणी म्हणतं बाधा आहे, अपघाताच्या जागी काहीतरी लागलं. तसं काही नसतं. मोठं ऑपरेशन, वेदना, औषधं, अनोळखी खोली, पाणी कमी पडणं, चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलेलं, यामुळे मेंदू गोंधळतो. बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं, पण डॉक्टरांना सांगायलाच हवं. दिवसा उजेडात ठेवा, चष्मा द्या, ओळखीचा आवाज जवळ ठेवा. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरांना कळवल्यानंतर.

दुसरी याहून महत्त्वाची. डोक्याला मार लागला, त्या दिवशी काही झालं नाही, सीटी स्कॅनही चांगला आला. मग तीन आठवड्यांनी, कधी महिन्या-दीड महिन्यानं माणूस सारखा झोपायला लागतो, डोकं धरून बसतो, बोलताना शब्द सापडत नाही, एक पाय ओढतो. घरचे म्हणतात वय झालं, किंवा मनाला लागलंय. पण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत जाऊ शकतं, विशेषतः रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर. वेळेवर कळलं तर ते काढता येतं, आणि माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो. म्हणून अति झोप दिसली की ताबडतोब दाखवा. २०२४ पासून वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय, अकोल्याला तर आहेच.

साधी झोपमोड ही वेगळी. डोळा लागला की तो रोही समोर येतो, असं काका म्हणायचे. अंगाला घाम. याला भित्रेपणा म्हणू नये. कुणीतरी ऐकून घेतलं की कमी होतं. नाही झालं तर त्याचेही डॉक्टर असतात आणि त्यांच्याकडे जाण्यात काही कमीपणा नाही.

काकांनी मला एक प्रश्न विचारला होता आणि तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मनात विचारला असेल. "तीस वर्षं पालखीची सेवा केली सर, मंग मलेच काऊन?" शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते ती मेडशी, शिरपूर, रिसोड अशी आपल्या जिल्ह्यातून जाते, आणि काका दरवर्षी वारकऱ्यांना पाणी द्यायला असतात. ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि आजच्या श्लोकातही नाही. कुणाचं प्रारब्ध कसं, हे सांगणारे पुष्कळ भेटतील, साडेसातीवाले तर अंगणात येऊन बसतात. अपघात झाला कारण रात्रीची लाइन होती, अंधार होता, जनावर आडवं आलं. श्लोक एवढंच म्हणतो की आता जे दुःख आलंय ते कशानं कमी होईल. मला त्यातला हा कामापुरता बोलण्याचा ढंग आधार देतो.

काम, म्हणजे श्लोकातली तिसरी गोष्ट. इथं मला बाबा आमटे आठवतात, आपल्याच विदर्भातले, वरोऱ्याचे. पाठीच्या मणक्यानं त्यांना असं केलं होतं की बसताच येत नसे. एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा निघाली तेव्हा ते एकाहत्तरीत होते. तरुण पोरं-पोरी सायकलींवर, पाच हजारांहून जास्त किलोमीटर. बाबा गाडीत आडवे पडून. त्यांनी सायकलवर बसायचा हट्ट धरला नाही, आणि आनंदवनात पडून राहायचाही धरला नाही. शरीर ज्या तऱ्हेनं जाऊ देत होतं त्या तऱ्हेनं ते गेले. पुढं १९९० मध्ये नर्मदेकाठी जाऊन राहिले, तेही त्याच पाठीनं.

काका गेल्या आषाढीच्या आधी पालखी आली तेव्हा ऑटोत बसून गेले. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकली, आणि बसूनच ग्लास भरून दिले. पुतण्या धावत होता, काका भरत होते. वारकरी पाया पडायला वाकले तर हे ओशाळले.

आता गाडीचं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे बघून पूर्ण भार द्यायला सांगितलं, तसा पहिला प्रश्न तोच. चालवू का? डॉक्टरांनी हो-नाही न म्हणता काही गोष्टी करून दाखवायला लावल्या, त्या मला फार शहाणपणाच्या वाटल्या. दुखऱ्या पायावर एकट्यानं उभं राहता येतं का? मान वळवून मागचं दिसतं का? उजव्या पायानं मागचा ब्रेक एकदम जोरात दाबता येतो का, कळ न येता? आपली साधी मोटारसायकलसुद्धा शंभर-एकशे दहा किलोची असते. ती कलली तर पाय टेकवून सावरता येते का? ज्याला यांतलं एखादं जमत नाही त्याला बिनगिअरची स्कूटर पुष्कळदा जमते, कारण तिथं ब्रेक दोन्ही हातात असतात आणि पाय वर घेऊन टांग टाकावी लागत नाही. आणि डोळे! मोतीबिंदू असेल तर समोरच्या ट्रकच्या दिव्यानं डोळे दिपतात आणि ते परत स्थिर व्हायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. काकांना मोतीबिंदू निघाला. आधी त्याचं ऑपरेशन, मग गाडी.

कायदाही थोडा इथंच सांगून टाकतो. पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. तो दाखला ओळखीनं सही करून आणू नका, खरोखर तपासून घ्या. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही. काकूंनाही. पदर डोक्यावर असला तरी. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार, नेमलेल्या रुग्णालयांत, पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. नातेवाइकांनी दवाखान्यात पोचताच पहिल्यांदा हे विचारावं. आणि रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर त्या दूधवाल्यासारखं थांबा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घातलंय.

काकांचं सध्या असं ठरलंय. रात्रीचं पाणी बंद, तेवढं दीड एकर शेजारच्या पोराला बटईनं दिलंय. दिवसा, उन्हं असेपर्यंत, वावरापर्यंत स्कूटरवर. मालेगावला ऑटो. घरात यावरून दोनदा भांडण झालं, पोरानं पुण्याहून फोनवर "बाबा, विकून टाका ती" असं म्हटलं, काकांनी दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. मोटारसायकल अजून अंगणात उभी आहे. विकायची की नाही ते दिवाळीनंतर बघू म्हणतात. चावी डाळीच्या डब्यातून निघून देवघराच्या कोनाड्यात आली आहे, आणि दोघांनाही ती कुठं आहे ते माहीत आहे.

शेवटचं एक, वाचनाला येणाऱ्यांसाठी. खुब्याचं किंवा मांडीचं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत मांडी घालून किंवा उकिडवं बसू नये. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी तर मुळीच नाही. पारायणाला खुर्चीवर बसलात तर देव रुसत नाही. आपल्या मंदिरात उजव्या भिंतीशी सहा खुर्च्या ठेवल्या आहेत, पायरीशी आता लोखंडी कठडाही बसवलाय. संडासाला कमोडची खुर्ची लागत असेल तर मंदिरात दोन आहेत, काम झालं की धुऊन परत आणून द्या, म्हणजे पुढच्याला मिळेल.

उद्या श्लोक १८ आणि १९. वारा नसलेल्या जागेतल्या दिव्याचा दृष्टांत तिथं आहे.

राम कृष्ण हरी.